संस्थेचा मुख्य पुरवठादार : विश्वास आणि तपासणी

मृग नक्षत्र तोंडावर आलें म्हणजे गांवोगांवच्या शेतकरी संस्थांत एकच धांदल उडते. सोयाबीनचें बियाणें कोठून आणावयाचें, खताच्या गाड्या केव्हां येणार, गेल्या वर्षाचाच पुरवठादार ठेवावा कीं बदलावा, हे प्रश्न त्या धांदलींत घाईनें सोडविले जातात आणि परिणाम मात्र वर्षभर भोगावा लागतो. ज्याच्याकडून संस्था सभासदांसाठीं मालाचा मोठा भाग घेते, त्याच्याशीं व्यवहार कसा ठेवावा, याचा विचार हंगामाच्या आधीं शांतपणें व्हावा, या हेतूनें आम्ही चार शब्द लिहीत आहों.

या बाबतींत दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, दरवर्षीं भाव मागवावे आणि पोत्यामागें जो दोन रुपये कमी घेईल त्याचा माल उचलावा. दुसरें असें कीं, अमुक व्यापारी वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याच्याशीं कागद कसला आणि त्याच्या मालाची तपासणी कसली! आमच्या मतें हीं दोन्ही मतें संस्थेस नुकसानींत घालणारीं आहेत. दरवर्षीं दार बदलणाऱ्या गिऱ्हाइकाची टंचाईच्या दिवसांत कोणी पर्वा करीत नाहीं; खताची ओरड झाली कीं आधीं जुन्या गिऱ्हाइकाची गाडी भरते. उलट, तपासणीवांचून ठेवलेल्या विश्वासाची किंमत पेरणीनंतर आठव्या दिवशीं कळते, आणि तेव्हां ती भरून निघत नाहीं.

२०२० च्या खरिपांत आपल्या राज्यांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या संख्येनें झाल्या व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. बियाणें विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक होय व त्यास ग्राहक न्यायालयांत दाद मागतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यांत २०१२ सालीं दिला आहे. हा मोठाच आधार आहे. परंतु भरपाई हातीं पडेपर्यंत हंगाम थांबत नाहीं. म्हणून तपासणी पेरणीपूर्वीं झाली पाहिजे, आणि त्यासाठीं माल वैशाखांतच संस्थेच्या वखारींत आला पाहिजे.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास उगवणीची किमान मर्यादा शेंकडा ७० ठरलेली आहे. पिशवीस निळा टॅग आहे एवढ्यानें संस्थेचें काम संपत नाहीं. तो टॅग परीक्षेच्या दिवसाची ग्वाही देतो. पुढें गाडीवरून पिशव्या आपटल्या गेल्या किंवा वखारींत उंच थप्पी लागली, तर सोयाबीनचें पातळ साल दुखावून उगवण घटते. याकरितां प्रत्येक लॉटांतील एक-दोन पिशव्या पंचांसमक्ष फोडाव्या. त्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळावे, गोणपाट ओलसर ठेवावें, आणि सातव्या-आठव्या दिवशीं सशक्त कोंब मोजावे. त्याच लॉटाचा एक नमुना मोहोरबंद करून टॅगासह ठेवावा. कोंब ७० पेक्षां कमी आले तर लॉट वांटूं नये. पुरवठादारास लागलीच लेखी कळवून त्याच्यासमक्ष पुन्हा परीक्षा करावी व सरकारी प्रयोगशाळेकडेहि नमुना पाठवावा.

असा प्रसंग आल्यास बदली माल किती दिवसांत द्यावयाचा व गाडीभाडें कोणी सोसावयाचें, हें करारांत आधींच लिहिलेलें असावें. जात, वजन, पोंचविण्याची तारीख, भाव व पैशाची मुदत हीं कलमें तर हवींतच. खताच्या बाबतींत आणखी एक कलम अवश्य घालावें. डी.ए.पी. हवें तर अमुक दुसरा मालहि घ्या, अशी जी सक्ती टंचाईंत केली जाते, ती संस्थेवर होणार नाहीं, असें स्पष्ट लिहून घ्यावें. नको असलेल्या मालाचें ओझें शेवटीं सभासदाच्याच खात्यावर चढतें.

करारानंतर एक वही घालावी. गाडी कबूल केल्या दिवशीं आली कीं उशिरां, वजन किती भरलें, प्रत्येक लॉटाची उगवण किती आली, तक्रारीस उत्तर किती दिवसांनीं मिळालें, एवढेंच त्यांत लिहावें. दिवाळीनंतर ती वही पुढें ठेवून पुरवठादाराशीं बसावें. चांगल्या व्यापाऱ्यास अशा वहीची भीति वाटत नाहीं, कारण त्याच्या चांगुलपणाची नोंदहि तींतच असते.

हें सर्व मागतांना आपली बाजूहि स्वच्छ हवी. संस्थेनें चैत्रांत मागणी नोंदवावयाची आणि जेष्ठांत सभासदांनीं उधारीच्या लोभानें दुसऱ्या दुकानीं जावयाचें, असें झालें तर पडून राहिलेल्या मालाचा भुर्दंड पुरवठादारानें किती वेळां सोसावा? सभासदानें मागणीबरोबर कांहीं रक्कम भरावी व संस्थेनें बिल मुदतींत चुकवावें. वेळेवर पैसे देणाऱ्या संस्थेचा शब्द बाजारांत वजनदार ठरतो.

शेवटीं, कितीहि चांगला पुरवठादार असला तरी सर्व भार एकावर टाकूं नये. चौथा हिस्सा माल दुसऱ्याकडून घ्यावा. त्यानें भावाची तुलना होते व अडचणींत दार उघडें राहतें. शिवाय सोयाबीन हें स्वपरागित पीक असल्यानें प्रमाणित बियाण्यापासून आलेलें निवडक धान्य दोन-तीन वर्षें पेरतां येतें. शेंकडा ७० उगवणीस एकरीं ३० किलो लागतात. घरचें बियाणें ६० उगवलें तर ३५ किलो पेरावें, म्हणजे रोपांची संख्या भरते. ज्याच्या घरीं चार पोतीं राखलेलीं आहेत तोच करार करतांना ताठ मानेनें बोलूं शकतो.

प्रत्येक संस्थेनें येत्या वार्षिक सभेंत कराराचा मसुदा व या वहीचा नमुना मांडून मंजूर करून घ्यावा, आणि गतवर्षाची वही सभासदांस वाचून दाखविण्याचा प्रघात पाडावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.