माझ्यातला पक

ऑफिसात माझी इमेज एकदम फिट्ट आहे. प्रिंटर अडकला, एक्सेलचा फॉर्म्युला रुसला, की हाक मला. आणि बर्थडे केकवर न विझणारी मेणबत्ती लावणारा, कुणाच्या माउसखाली चिकटपट्टी लावणारा, तोही मीच. ‘हा ना, असाच आहे!’ असं कुणी म्हटलं की आपण जाम खूश. खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात मात्र लोच्या झाला. बॉस म्हणाला, ‘त्या नवीन मुलीला सांग, सोमवारचं प्रेझेंटेशन तिचं.’ नवीन मुली दोन. मी सांगितलं भलतीलाच. बिचारीने अख्खा वीकेंड घालवून स्लाइड्स केल्या आणि मीटिंगमध्ये नाव पुकारलं गेलं दुसरीचं. चूक होती, मान्य. पण नंतर कॅन्टीनमध्ये तो किस्सा मी रंगवून सांगितला. सगळे हसले. ती मागच्याच टेबलावर होती. तिला वाटलं, हे सगळं ठरवूनच केलंय.

त्याच आठवड्यात ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ हा 1935चा सिनेमा बघितला. त्यात चौदा-पंधरा वर्षांचा मिकी रूनी झालाय पक, शेक्सपिअरचा तो खोडकर वनदेवदूत. काय कार्टं आहे! आणि बघता बघता मला घाम फुटला.

या पकला दोन नावं. जुन्या इंग्रजीत ‘पूक’ म्हणजे चक्क सैतान. दुसरं नाव रॉबिन गुडफेलो, म्हणजे भला माणूस. खेड्यातले लोक म्हणायचे, हा रात्रीतून दळण दळून देतो, घर झाडतो. मोबदल्यात फक्त वाटीभर साय ठेवायची. पण हाच दुधावरची साय पळवणार, तासभर घुसळलं तरी लोणी येऊ देणार नाही, वाटसरूंना चकवा लावणार. शेक्सपिअरने 1595-96च्या सुमारास ही दोन्ही सोंगं एकाच पोराच्या अंगावर चढवली.

नाटकात परीराजा ओबेरॉन त्याला सांगतो, अथेन्सचे कपडे घातलेल्या तरुणाच्या डोळ्यांत प्रेमाचा रस घाल. जंगलात तसे तरुण दोन! पक भलत्याच्याच डोळ्यांत रस घालतो. मग दोघेही तरुण हेलेनाच्या मागे लागतात आणि तिला वाटतं, सगळे मिळून माझी टिंगल करताहेत. ओबेरॉन झापतो, तेव्हा पकचं म्हणणं काय, तर चुकून झालं, पण झालं ते बरंच झालं, काय धमाल चाललीय! सेम टू सेम मी, कॅन्टीनमधला.

पण पक तिथे थांबत नाही. ओबेरॉनच्या हुकमावरून का होईना, तो निस्तरायला लागतो. दोन्ही तरुण तलवारी काढून निघालेले. पक धुक्यात एकाचा आवाज काढून दुसऱ्याला भलतीकडे नेतो, दोघांना पळवून पळवून दमवतो आणि झोपवतो. मग ज्याच्या डोळ्यांत चुकून रस घातला होता, त्याच्या डोळ्यांत उतारा. गंमत बघा, चकवा लावायची जी खोड, तीच इथे दोघांचा जीव वाचवते. चांगला पक आणि वाईट पक असे दोन नाहीतच. कला एकच, ती कुणासाठी वापरायची, एवढाच प्रश्न.

शेवटी तो स्टेजवर येतो हातात झाडू घेऊन. घर झाडतो आणि जाता जाता प्रेक्षकांची माफीही मागतो, पुढच्या वेळी सुधारू म्हणतो. आपली मात्र गोची इथेच होते. खोडी काढताना पक व्हायला आवडतं, मदत करताना रॉबिन व्हायलाही आवडतं. झाडू हातात घ्यायची वेळ आली की ‘अगं, मजाक होता यार!’

सोमवारी मी तिच्या डेस्कपाशी गेलो. जोक नाही, चॉकलेट नाही. ‘चूक माझी होती, आणि वर हसलो ती त्याहून मोठी,’ इतकंच म्हणालो. मग सगळ्यांसमोर बॉसलाही तेच सांगितलं आणि तिच्या स्लाइड्स दाखवल्या. पुढचं प्रेझेंटेशन तिला मिळालंय. माझ्याशी ती अजून जेवढ्यास तेवढंच बोलते. चालायचंच.

तुमच्या ऑफिसातला पक कोण? आणि तुम्हीच असाल, तर झाडू कुठे ठेवलाय, आठवतंय ना? भेटू पुढच्या आठवड्यात!