नागाला दूध नको, अंतर हवे

नागपंचमीला गारुडी दारात आला, की जालना जिल्ह्यातल्या अनेक घरांतून दुधाची वाटी पुढे येते. नाग मांसाहारी आहे. उंदीर, बेडूक हे त्याचे अन्न. दूध त्याला पचत नाही. कित्येक दिवस तहानलेला ठेवल्यामुळेच तो वाटीला तोंड लावतो. दात काढलेला नागही निर्धोक नसतो. विषदंत पुन्हा येतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग पकडणे, बाळगणे गुन्हा आहे. पूजा चित्राची करावी. दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा, मांत्रिक यांत वेळ न दवडता, दंशाचा अवयव न हलवता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावर उतारा एकच, प्रतिसर्पविष. ते वाटीत नाही, दवाखान्यात मिळते.