सतरा इंचांचा मोह

सेकंडहॅण्ड पोलो जीटी दारात आली आणि लगेच अलॉय व्हील्सची हौस. बजेट? ईएमआय भरून उरेल तेवढं! कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सतरा इंची, काळीकुळकुळीत, स्वस्त व्हील्स मिळाली. ‘मॅडम, एकदम फिट बसतील.’ बसलीही. पण हायवेवर ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. पोलोचा हब ५७.१ मिलिमीटरचा, व्हीलचं मधलं भोक त्याहून मोठं. फट भरणारी हब रिंग त्याने बसवलीच नव्हती. किरकोळ किमतीची रिंग हो!

त्यात पातळ टायर आणि आपले खड्डे. शेवटी सोळा इंची घेतली. पीसीडी ५ बाय १००, टायर १९५/५०. घेर जवळपास मूळच्या १८५/६० आर १५ इतकाच, त्यामुळे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही.

बाबा म्हणतात, ‘बदललीस कुठे?’