छत्तीस गुण आणि पंधरा ॲम्पिअर

लग्नाच्या बाजारात छत्तीसच्या छत्तीस गुण जुळणारी स्थळं फारशी सापडत नाहीत. सायकलच्या बाजारात मात्र रोज सापडतात. मोटर ३६ व्होल्टची, कंट्रोलर ३६ व्होल्टचा, बॅटरी ३६ व्होल्टची... झालं, पत्रिका जुळली, कनेक्टर बसला, वाजवा सनई! करंटचं कोणी विचारतच नाही. आणि मग वर्षभरात त्याच संसारात छत्तीसचा आकडा.

साध्या सायकलला इलेक्ट्रिक किट बसवून ऑफिसला येणारे आता पार्किंगमध्ये बरेच दिसतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण लंच टाइमला त्यांच्या गप्पा ऐकल्या की सगळा जोर एकाच गोष्टीवर असतो : पिकअप. कोणी १५ ॲम्पिअरचा कंट्रोलर काढून २२ चा टाकलेला असतो, कोणाला टाकायचा असतो. बॅटरी तीच. "अरे पण बॅटरीला झेपेल का?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "बीएमएस आहे ना!"

माझं म्हणणं असं की कंट्रोलरचं करंट सेटिंग मोटर बघून किंवा चढ बघून ठरवायचं नसतं, बॅटरी बघून ठरवायचं असतं. आणि बॅटरी म्हणजे वरचं स्टिकर नव्हे, आतले सेल.

स्टिकरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर-अवर असतात. ॲम्पिअर-अवर म्हणजे टाकीत पाणी किती. नळातून धार किती मोठी येईल ते त्यातून अजिबात कळत नाही. सॅमसंगच्याच दोन १८६५० सेलचं उदाहरण घ्या. ३५ई हा साधारण ३५०० एमएएचचा सेल, सतत ८ ॲम्पिअर देऊ शकतो. २५आर फक्त २५०० एमएएचचा, पण सतत २० ॲम्पिअर देतो. म्हणजे 'मोठी बॅटरी' घेतली म्हणून जास्त करंट खेचता येतो हा हिशोब सरळसरळ चुकीचा ठरू शकतो.

आता आपल्याकडच्या स्वस्तातल्या पॅकचा हिशोब करू. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये दहा सेल सिरीजमध्ये असतात आणि अशा प्रत्येक जागी दोन, तीन किंवा चार सेल पॅरलल. १० एस ३ पी धरा. सेल २६०० एमएएचचे, सतत ५ ॲम्पिअर देणारे. पॅक झाला ७.८ ॲम्पिअर-अवरचा आणि त्याची झेप १५ ॲम्पिअरची. हा १५ सुद्धा कागदावरचा. तीन सेल पॅरलल जोडले म्हणजे तिघं सारखंच ओझं उचलतील असं नाही (आमच्या टीममध्येही उचलत नाहीत). त्यात बीएमएसची सतत करंटची मर्यादा, निकेलच्या पट्ट्या, वायर, कनेक्टर. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर हे सरळ मिनिमम फंक्शन आहे : सगळ्यात कमकुवत आकडा तोच तुमचा आकडा. त्यातही मी वीस टक्के सोडून देईन. म्हणजे १२.

अशा पॅकवर २२ ॲम्पिअरचा कंट्रोलर लावला की प्रत्येक सेलच्या वाट्याला सात-सव्वासात ॲम्पिअर येतात. लगेच काही होत नाही, आणि तिथंच तर खरी गोम आहे. सायकल पळते, मालक खूश! आत काय होतं बघा. जोडण्या धरून पॅकचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम समजू. १२ ॲम्पिअरला आतल्या आत २१-२२ वॉटची उष्णता तयार होते, २२ ॲम्पिअरला ७२ वॉटच्या वर. करंट दुपटीहून कमी वाढला, उष्णता तिपटीहून जास्त, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती सुद्धा प्लॅस्टिकच्या बंद डब्यात, मे महिन्यातल्या पुण्यात.

व्होल्टेजचंही तेच. २२ ॲम्पिअर खेचताना ३.३ व्होल्ट आतच पडतात. बॅटरी ३४ व्होल्टवर आली असताना चढावर थ्रॉटल पिळला की कंट्रोलरला दिसतात ३०.७. कटऑफ ३१ च्या आसपास असेल तर मोटर बंद! थांबून पाहिलं तर बॅटरी पुन्हा ३४ दाखवते. मग 'किट बोगस आहे' म्हणून दुकानदाराशी भांडण. चार्ज शिल्लक असतो हो, तो त्या वेगानं बाहेर काढता येत नाही एवढंच.

आता त्या 'बीएमएस आहे ना' कडे येतो, कारण या वाक्याचा मला खरा राग आहे. बीएमएस म्हणजे एक्सेप्शन हँडलर. जे व्हायला नको ते झालंच तर सगळं बंद करणारा. रोजचा कंट्रोल फ्लो एक्सेप्शनवर चालवणाऱ्या ज्युनिअरचा कोड आपण रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो, आणि सायकलवर मात्र तेच करतो! शिवाय बीएमएसचा ओव्हरकरंट ट्रिप बऱ्याचदा त्याच्या सतत करंटच्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर तो धावून येईल; सेल रोज थोडे थोडे भाजले जात असतील तर तो गप्प बसेल. आणि ट्रिप झालाच तर कुठे होणार? जिथे करंट सर्वात जास्त, तिथे. म्हणजे चढावर. कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना, मागे पीएमपीची बस, आणि मोटर, डिस्प्ले, त्याच बॅटरीवर चालणारा दिवा सगळं एका क्षणात गुल. कंट्रोलरची मर्यादा नीट ठेवली असेल तर अशा वेळी सायकल फक्त जरा हळू चढते.

पण मग चढ चढणार कसा, असं कोणी विचारेल. आकडे मांडू. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो, ५ टक्के चढ, वेग ताशी १५. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २०५ वॉट, टायर आणि वारा मिळून अजून पन्नासेक. २६० धरा. तुम्ही पायांनी ८० वॉट दिलेत (ही सायकल आहे, हे आठवण म्हणून) तर मोटरकडून हवेत १८०. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर बॅटरीतून २४० वॉट, म्हणजे पावणेसात ॲम्पिअर. पायडल अजिबात मारलं नाही तरी दहाच्या आतच. १२ ॲम्पिअर पुरून उरतात. २२ लागतात ते सिग्नल सुटल्यावर ॲक्टिवाच्या पुढे जायला.

एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. काही कंट्रोलरवर 'फेज करंट' चाळीस-पन्नास ॲम्पिअर लिहिलेला असतो आणि लोक घाबरतात, किंवा उलट त्यालाच बॅटरीचा करंट समजून सेटिंग करतात. कमी वेगात मोटरला व्होल्टेज कमी लागतं, त्यामुळे कंट्रोलर ३६ व्होल्ट आणि १० ॲम्पिअर घेऊन मोटरला १२ व्होल्ट आणि ३० ॲम्पिअर देऊ शकतो. दोन्हीकडे ३६० वॉटच. फेज करंटनं मोटर आणि कंट्रोलर तापतात. बॅटरीसाठी बघायचा तो बॅटरी करंट.

सेटिंग करणं अवघड नाही. केटी कंट्रोलरच्या डिस्प्लेत सी-५ नावाचं पॅरामीटर असतं. १० वर पूर्ण करंट, ६ वर कमाल करंट भागिले १.२५, ३ वर निम्मा. (३ म्हणजे तीस टक्के नव्हे. हे कोणी डिझाइन केलं देव जाणे.) १५ चा कंट्रोलर ६ वर ठेवला की बरोबर १२. दोन मिनिटांचं काम. याच्या अगदी उलट काम म्हणजे कंट्रोलर उघडून शंटवर सोल्डर चढवणं. शंटचा रोध कमी होतो, कंट्रोलरला करंट कमी दिसतो आणि तो १५ समजून २० खेचतो. याला ट्यूनिंग म्हणतात म्हणे! लॉगमध्ये फेरफार करून सर्व्हर ठणठणीत आहे सांगण्यासारखं आहे हे.

आणि हे सेटिंग एकदा करून विसरायचंही नाही. सेल म्हातारे होतात तसा त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. पहिल्या वर्षी १२ ठीक, तिसऱ्या वर्षी चढावर व्होल्टेज जास्त पडायला लागलं तर १० करा.

पण सगळा दोष ग्राहकाला देण्यात अर्थ नाही. बॅटरीच्या स्टिकरवर किमती हॉटेलच्या मेनूसारखा ॲम्पिअर-अवरचा आकडा ठळक छापतात, तर 'सतत करंट अमुक ॲम्पिअर' एवढी एक ओळ का छापत नाहीत? कंट्रोलरवर तर करंट छापलेला असतोच. दोन आकडे शेजारी ठेवले की दहावीतल्या पोरालाही कळेल जोडी जमते की नाही. तोवर दुकानात तीन गोष्टी विचारा : सेल कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या मॉडेलचा, पॅरलल किती, बीएमएस सतत किती ॲम्पिअरचा. मॉडेल कळलं की डेटाशीट शोधायला पाच मिनिटं लागतात. आणि "ओरिजिनल माल आहे साहेब, टेन्शन नका घेऊ" असं उत्तर आलं, तर शेजारच्या दुकानात जाऊन तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.