एका दुकानाचा वाद

तालुक्याच्या गावी बर्गर-पिझ्झाचे झगमगीत दुकान उघडले की गावात दोन तट पडतात. काहींना वाटते, गाव सुधारले. काहींना वाटते, आता मुले बिघडणार. वडापावच्या गाडीवाल्याला मात्र उद्याच्या धंद्याची काळजी लागते. विज्ञान शिकणाऱ्या तुम्ही अशा वेळी काय बोलावे? त्याआधी बेंगलोरची एक हकिगत ऐका.

तेथील ब्रिगेड रोडवर जून १९९५ मध्ये केंटकी फ्राइड चिकनचे दुकान उघडले. बाहेर रांगा लागल्या आणि विरोधही सुरू झाला. सप्टेंबरमध्ये महानगरपालिकेने त्याचा परवाना रद्द केला. कारण दिले ते असे की, तपासलेल्या कोंबडीत मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते, २.८ टक्के निघाले. मर्यादा होती १ टक्का. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि दुकान पुन्हा उघडले. पुढे ३० जानेवारी १९९६ रोजी एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी त्या दुकानाची मोडतोड केली.

आता हे अजिनोमोटो काय आहे ते पाहा. किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्रशैवालातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि रश्शाची ती खास चव त्याच्यामुळे येते हे दाखवले. पिकलेल्या टोमॅटोत आणि आईच्या दुधातही ग्लुटामेट असते. अन्नातील मिश्रद्रव्ये तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीला १९८७ साली त्याच्या रोजच्या सेवनावर आकड्याची मर्यादा घालण्याची गरज वाटली नाही. त्यात सोडियम सुमारे १२ टक्के, तर आपल्या नेहमीच्या मिठात ३९ टक्के!

नियम मोडला असेल तर कारवाई व्हावी, याबद्दल वाद नाही. पण माझ्या मते बेंगलोरकरांनी हाती घेतलेले हत्यार बोथट होते. शेतकऱ्यांचे खरे दुखणे वेगळेच होते. माणसाचे धान्य कोंबड्यांना जाईल, परदेशी कंपन्या आपली शेती ताब्यात घेतील, ही त्यांची भीती होती. ती खरी की खोटी हे प्रयोगशाळेत ठरत नाही, त्यासाठी सभा आहेत, निवडणुका आहेत. मग तिला अजिनोमोटोचा मुखवटा कशाला? आणि जे खरोखर मोजायला हवे होते ते मीठ नि तेल मागेच राहिले.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. ती २५ टक्क्यांपर्यंत पोचली की ते तेल वापरू नये, असा नियम आपल्याकडे २०१८ पासून आहे. तो झगमगीत दुकानाला आहे, तसाच कोपऱ्यावरच्या भज्यांच्या कढईलाही आहे. गंमत अशी की, दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असणाऱ्या उपाहारगृहांना पदार्थाशेजारी त्याचे कॅलरीमूल्य लिहावे लागते. आपल्या आवडत्या वड्याचे ते कोणी लिहीत नाही, म्हणून त्यात तेल कमी असते असे थोडेच आहे!

तेव्हा गावात असा वाद पेटला तर दोन्ही तटांना विचारा: तेल किती वेळा तापवता? मीठ किती घालता? शाळेच्या फाटकापासून दुकान किती अंतरावर आहे? (चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे.) हे अंतर तर तुम्हाला टेप घेऊन मोजता येईल. मोजताना भज्यांची गाडीही सोडू नका. गाडीवाल्याची रोजीरोटी हा मोठा प्रश्न आहे, पण तो त्याच नावाने मांडा. त्याच्या कढईतल्या काळ्या तेलाला ते उत्तर नव्हे.