कर नाही, तरी डर का?

बचत गटाच्या बैठकीत पूर्वी दोन विषय हमखास निघायचे. कर्जाचा हप्ता आणि मालाला गिऱ्हाईक. अलीकडे तिसऱ्याची भर पडली आहे. "ताई, मोबाईलवर पैसे घेतले तर इन्कम टॅक्सवाले येतील का हो?" पापड लाटणारी विचारते, ब्लाऊज शिवणारी विचारते, डबे देणारी विचारते. मग एखादी हळूच सांगते, "आमच्या ह्यांनी तर तो क्यूआर कोडचा कागदच काढून टाकला. रोख द्या म्हणतात."

ही भीती अगदीच हवेतली नाही. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. २०२१-२२ पासून चार वर्षांत यूपीआयने किती पैसे जमा झाले, ते आकडे पाहून त्या काढल्या होत्या. भाजी आणि दूध विकणारेही त्यात सापडले, ज्यांच्या मालावर मुळात करच नाही! बंगळुरूत दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. शेवटी मागची थकबाकी वसूल करणार नाही, असं मुख्यमंत्र्यांना जाहीर करावं लागलं. पण तोवर कितीतरी घरांची झोप उडाली होती.

मैत्रिणींनो, यातून क्यूआर कोड काढून टाकण्याचा धडा घेतला, तर तो चुकीचा धडा ठरेल. कारण माहिती जायची ती जातेच. मुदत ठेवीचं व्याज बँक कळवते. बचत खात्यात वर्षभरात मिळून दहा लाख किंवा जास्त रोख भरली, तर तेही २०१६ पासून बँका कळवत आल्या आहेत. घर-जमिनीचा मोठा व्यवहार निबंधक कार्यालयातून कळतो. हे सगळं आपल्या पॅन क्रमांकाखाली एका जागी गोळा होतं. नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खात्याने ते आपल्यालाही पाहायला दिलं आहे. त्याला 'वार्षिक माहिती विवरण' म्हणतात, बोलीभाषेत एआयएस. गावात एखादीबद्दलची बातमी तिलाच सगळ्यात शेवटी कळते ना, तशी आपली गत आहे. आपल्या पैशांची बातमी खात्याला आधी, कर सल्लागाराला नंतर, आणि आपल्याला? बहुतेकींनी तो कागद पाहिलेलाच नसतो.

तो का पाहायचा, ते सांगते. यंत्राला फक्त 'जमा' दिसते, कमाई दिसत नाही. डबे देणाऱ्या बाईच्या खात्यात वर्षाला पाच लाख येतात. त्यातून किराणा, गॅस, मदतनीस बाईचा पगार गेला की हाती किती राहतं, हे तिचं तिलाच ठाऊक. त्याच खात्यात भावाने आईच्या औषधाचे पैसे पाठवलेले असतात, भिशी लागलेली असते, शेजारणीने उसने परत केलेले असतात. हे सगळं एकात एक मिसळलं, की उद्या विचारणा झाल्यावर कोणतं कशाचं, हे कोण सांगणार? सांगणारी एकच वस्तू असते, तिची वही. म्हणून धंद्याचं खातं वेगळं आणि घरचं वेगळं, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी काळजी मिटते.

आता कराचं पाहू. आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल मालाच्या विक्रीत ४० लाखांच्या आत आणि सेवेत २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. आयकरात छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफ्याची सोय आहे. बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. मात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं, तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरायचंच. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींना कर नाही. पण 'कर नाही' हे तोंडी सांगून चालत नाही, कागदावर दाखवावं लागतं. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण आपण वापरतो खरी, पण या कामात डर जाते ती कागद नीट असले की!

माझ्या मनात खरी काळजी आहे ती वेगळीच. किती घरांत दुकान बाईच्या नावावर, पॅन तिचं, खातं तिचं आणि व्यवहार सगळा दुसऱ्याच्या हातात! भागीदारी पेढीत दीर-नवऱ्याबरोबर सुनेचं नाव घातलेलं असतं. 'सही कर' म्हटलं की ती सही करते. १ एप्रिल २०२५ पासून पेढीने भागीदाराला पगार, मोबदला किंवा व्याज मिळून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त दिलं, तर १० टक्के कर कापून तो तिच्या पॅनवर दाखवावा लागतो. म्हणजे कागदावर तिला उत्पन्न मिळालं, प्रत्यक्षात कदाचित रुपयाही नाही. कायदा नाव बघतो, घरातली वहिवाट बघत नाही. नोटीस आली तर ती तिलाच येणार. आणि हाच कागद उलट बाजूने तिचा हक्कही सांगतो. जे उत्पन्न माझ्या नावावर दाखवलं, ते कुठे आहे, असं विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी गोष्ट ओटीपीची. "वहिनी, मोबाईलवर नंबर आलाय, तेवढा सांगा," असा फोन येतो आणि आपण पोळ्या लाटता लाटता सांगून टाकतो. विवरणपत्राच्या वेळचा तो आकडा म्हणजे आपली सही असते. कोऱ्या कागदावर आपण सही करू का? मग आत काय भरलंय ते न बघता आकडा कसा सांगतो?

बहुतेक कर सल्लागार प्रामाणिकपणे काम करतात, रात्री जागून करतात. पण सगळेच नव्हे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्यांविरुद्ध देशभर मोहीम काढली, दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी स्वतःहून विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. त्या वेळी खात्याने एक गोष्ट सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही जण घाऊक विवरणपत्रं भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते काढायचे आणि नंतर सोडून द्यायचे. त्यामुळे खात्याने पाठवलेल्या नोटिसा न वाचताच पडून राहायच्या. परतावा मिळवून देणारा निघून जातो. उत्तर द्यायची वेळ येते ती ज्याच्या नावावर विवरणपत्र आहे त्याच्यावर.

म्हणून चार गोष्टी सांगते. पोर्टलवर मोबाईल आणि ई-मेल स्वतःचाच हवा. पासवर्ड आपल्याकडे हवा. भरलेल्या विवरणपत्राची आणि पोचपावतीची प्रत मागून घ्यावी. आणि भरण्याआधी एआयएस एकदा डोळ्यांखालून घालावं. त्याचं मोबाईल ॲपही आहे. इंग्रजी अडलं तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला जवळ बसवावं. एखादी नोंद आपली नसेल, चुकीची असेल, तर तिथेच तसं कळवता येतं.

सरकारलाही सांगणं आहे. माहिती मागण्याचा वेग जेवढा वाढवलात, तेवढाच समजावून सांगण्याचाही वाढवा. नोटिशीची भाषा बाईला कळेल अशी मराठी असू द्या. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा लागू होतो आहे आणि तो सोपा केल्याचं सरकार सांगतं. तो सोपा आहे की नाही, याची परीक्षा दिल्लीत होणार नाही. तालुक्याच्या गावात शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला तो कळला की पास!

तोवर आपण एक करू या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे नाहीतर वाट्या लुटतो. यंदा वाण म्हणून एक जाड वही आणि पेन लुटू. पहिल्या पानावर आपलं नाव आणि दुसऱ्या पानापासून आपला हिशेब, आपल्याच अक्षरात.