कोठीची किल्ली कुणाच्या कमरेला?

पन्हाळ्यावर येणारा बहुतेक माणूस तीन दरवाजा बघतो, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सेल्फी काढतो, बायकांकडची झुणका-भाकर खातो आणि खाली उतरतो. अंबरखान्यात शिरलाच, तर पाच मिनिटांत बाहेर येतो. आत अंधार आणि ओल. बघायचं काय?

मला विचाराल तर गडावरची सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या. एकट्या गंगा कोठीत 25 हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता, तेव्हा गड तलवारीइतकाच साठ्यावरच्या धान्यावर तगला. त्या धान्याचा हिशेब ठेवणाऱ्याचा पुतळा मात्र कुठंच नाही. त्याच्या पदाचं नाव तेवढं आपल्याला माहीत आहे: कारखानीस.

शिवकाळात गडाचा कारभार तिघांकडं असायचा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडं, हजेरी आणि जमाखर्च सबनिसाकडं, कोठार कारखानिसाकडं. गड एकाच्या मर्जीवर जाऊ नये म्हणून ही वाटणी होती.

आता आपल्याकडच्या, भुकेल्यांना अन्न देणाऱ्या संस्था बघा. अध्यक्ष एक, सचिव त्याची बायको, खजिनदार मेव्हणा. बॅनरवर अध्यक्षांचा फोटो केवढा आणि भाकरीचा केवढा, हे मोजून बघा. वाढदिवस अध्यक्षांचा, जेवण गरिबाला, रील सगळ्यांना. सगळ्या संस्था अशा नाहीत हे मला माहीत आहे. पण अशा इतक्या आहेत, की आपल्याला त्यात वावगं दिसेनासं झालंय. माझं भांडण त्या न दिसण्याशी आहे.

मीही त्यातलाच होतो. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचा पूर कोल्हापुरात घुसला, तेव्हा एका गटाबरोबर मी निवारा केंद्रावर धान्याच्या पिशव्या वाटायला गेलो. माझ्याकडं काम होतं मोबाईलवर फोटो काढायचं. एका म्हातारीच्या हातात पिशवी अर्धी दिलेली, अर्धी आमच्या म्होरक्याच्या हातात, आणि मी म्हणतोय, "आज्जी, जरा इकडं बघा." तिनं पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "आधी फोटू काढतायसा, का आधी पिशवी देतायसा?" मी फोटो काढला. तो गटाच्या पेजवर गेला, त्याला लाईक भरपूर पडले. तिच्या घरात चार दिवस पाणी होतं, हे मला नंतर कळलं, कारण आधी आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "ते निदान काहीतरी करतात, तुम्ही काय करता?" प्रश्न रास्त आहे. पुरात पोहोचलेली पिशवी ही पोहोचलेली पिशवी असते, ती मी नाकारत नाही. फोटो दाखवल्याशिवाय देणगी येत नाही, हेही खरं. मग फोटो धान्याचा दाखवा, बिलाचा दाखवा, रांधणाऱ्या हातांचा दाखवा. घेणाऱ्याचा चेहरा कशाला लागतो? तो लागतो, कारण त्याशिवाय देणारा मोठा दिसत नाही.

आणि इथंच खरं नुकसान होतं. भूक ही अध्यक्षांच्या दयेची गोष्ट झाली, की ती हक्काची राहत नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हक्कानं दिलं. पण महाराष्ट्रात प्राधान्य यादीत यायला ग्रामीण कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली 44 हजार रुपये. म्हणजे आख्ख्या घराला दिवसाला साधारण 120 रुपये. त्याच्या वर कमावलं, की कागदावर तुम्ही भुकेले नाही. राज्यातल्या लाभार्थ्यांची संख्या सुमारे 7 कोटींवर बांधली गेली, तीही 2011 च्या जनगणनेवर. त्यानंतर लग्नं झाली, लेकरं जन्मली, घरं विभागली. ऊसतोडीला मराठवाड्यातून आपल्याकडं येणाऱ्या टोळ्यांचं कार्ड गावाकडं असतं आणि पोट इथं. दुसरीकडं धान्य उचलायची सोय कागदावर आहे, पण ती फडातल्या बाईपर्यंत पोहोचवणार कोण?

हे काम संस्थेच्या म्होरक्याचं आहे. त्याच कायद्यात दक्षता समित्या आहेत, सामाजिक लेखापरीक्षण आहे. तहसील कार्यालयात बसून दहा घरांची नावं यादीत चढवणं हे शंभर पाकिटं वाटण्यापेक्षा मोठं काम. पण त्याचं रील होत नाही, आणि ज्याचं नाव चढलं तो पुढच्या महिन्यात तुमच्या रांगेत येत नाही. रांग आटली, की अध्यक्षांचं काय होणार?

वेगळी वाट आपल्याच राज्यात होऊन गेलीय. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीनं पुण्यात 'कष्टाची भाकर' सुरू केली. कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात भाजी-भाकरी, आणि चालवणारी संघटना हमालांचीच. खाणारा पैसे मोजतो, म्हणून मान खाली घालत नाही. मुंबईत प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या, सावकाराच्या कर्जात पिचलेल्या खानावळवाल्या बायकांना त्यांनी बँकेच्या दारात नेलं. दोन्हीकडं नेतृत्व होतं, नाव होतं, मोठेपणही होतं. पण किल्ली रांधणाऱ्यांच्या आणि खाणाऱ्यांच्या हातात गेली.

त्याआधी आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1896-97 च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं उघडली, दुष्काळी कामं काढली. राजाला दान करून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ते राज्याचं कर्तव्य मानलं.

तेव्हा पुढच्या वेळी 'एक मूठ धान्य'वाला मेसेज आला, की क्यूआर कोड स्कॅन करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवता का? सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल तर हिशेब धर्मादाय आयुक्तांकडं जातोच, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. विश्वस्तांमध्ये स्वतः कधी रेशनच्या रांगेत उभं राहिलेलं कुणी आहे का? आणि वर्षभरात किती घरांना रेशनकार्ड मिळवून दिलं?

उत्तरं आली तर पैसे द्या, नुसते पैसे नको, शनिवार-रविवारही द्या. तहसीलचे अर्ज भरायला शिकलेली पोरं हवीच असतात. उत्तराऐवजी राग आला, तर समजा की कोठीची किल्ली एकाच कमरेला आहे.

मी त्या आज्जीचा फोटो पेजवरून काढायला सांगितला होता. गटानं काढला नाही. माझ्या मोबाईलमधला मी पुसला. तिच्याकडं माफी मागायला मात्र अजून गेलेलो नाही, कारण त्या दिवशी आम्ही तिचं नावच लिहून घेतलं नव्हतं.